उलटी नावे

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे, लिंडनरोट गावच्या चर्चमधली. गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे नाव शंभर वर्षे माझ्यात लिहिले गेले. माझी बांधणी वासराच्या कातड्याची आणि कागद चिंध्यांचा, जाड. माझे ऐकण्याजोगे फारसे काही नाही. पण एक गोष्ट सांगून टाकायला हवी.

लग्नाशिवाय जन्मलेले बाळ आले की पाद्रीबाबा मला फिरवून घेत आणि त्याचे नाव उलटे लिहीत. पाने चाळणाऱ्याला ते लांबूनच कळावे म्हणून. शाई त्यांची होती, पण पान माझेच ना? मी निमूटपणे मिटत राहिले.

पुढे असा काळ आला की ज्याच्यापाशी आपले रक्त 'शुद्ध' असल्याचा, म्हणजे पूर्वजांत कोणी ज्यू नसल्याचा, दाखला नसेल, त्याची नोकरी जाई. माझ्यातल्या नोंदींच्या नकला घ्यायला चर्चच्या दाराशी रांगा लागल्या. सरकारी माणसे म्हणाली, ही वही गावाचे भूषण आहे. मी फुगले. माझ्या नोंदींवरून कोणाकोणाची घरे उठली, ते मला फार उशिरा कळले. आजही ते आठवले की मिटून घ्यावेसे वाटते.

मग कित्येक वर्षे धूळच सोबतीला होती. गेल्या शरदात लिओनहार्ट आजोबा काठी टेकत आले. सोबत नात रोसविथा. त्यांच्या वंशवृक्षात एकच चौकट रिकामी होती, पणजोबा किलिआन यांच्या जन्माची. ती भरल्याशिवाय आपण सुखाने मरणार नाही, असे ते म्हणत. तीनदा पत्रे धाडली, तीनदा 'नोंद नाही' असे उत्तर आले.

चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या वालबुर्गाबाईंनी विचारले, "उलट्या नोंदी बघितल्यात का?"

"आमच्यात उलटे कोणी नाही, बाई. आम्ही गिरणीवाले."

बाईंनी पान काढून दिले. किलिआन. आई बार्बरा, गिरणीतली मोलकरीण. बापाची जागा कोरी.

"म्हणजे गिरणीचे खरेच आपण, आजोबा," रोसविथा हळूच म्हणाली. "मागच्या दाराने."

आजोबा हसले नाहीत. तिने मला फिरवायला हात पुढे केला, तो त्यांनी धरला.

"राहू दे. मीच जातो त्याच्याकडे."

काठी टेकत ते टेबलाच्या पलीकडे गेले आणि वाकून नाव वाचू लागले. तिथून गिरणीमालक, पाटील, त्यांची सगळी लेकरे उलटी दिसत होती. आजोबांनी किलिआनच्या नावावर बोट टेकवले. मला लाजेने पान झाकावेसे वाटले, पण ते धरून होते.

मित्रांनो, आम्हा वह्यांना ओलीपासून आणि किडीपासून जपाच. पण वाचताना एकदा पलीकडेही जाऊन उभे राहा. आम्हांला आपले आपण फिरता येत नाही.