अप्पांची मांडी

आमच्यात माणूस आडवा जात नाही, बसून जातो. मांडी घालून, पाठ ताठ, डाव्या तळहातावर इष्टलिंग. समाधीचा खड्डाही त्याच मापाने खणतात. लहानपणी मला याचं फार कौतुक वाटायचं. बाकीचे झोपून जातात, आपली माणसं बैठकीला बसल्यासारखी जातात, असं मी वर्गात सांगायची.

आता मी नांदेडला फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकवते. पहिल्या वर्षाला सांध्यांच्या हालचाली हा माझा विषय. मांडी घालणं मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. खुब्यात एकदम तीन हालचाली होतात. मांडी पोटाकडे येते ते फ्लेक्शन, मधल्या रेषेपासून दूर जाते ते ॲबडक्शन, बाहेरच्या अंगाला फिरते ते एक्स्टर्नल रोटेशन. गुडघा बिचारा मुख्यतः एकच काम करतो, वाकतो; तेही फ्लेक्शनच, आणि परत सरळ होतो ते एक्स्टेन्शन. पण एकशेवीस-तीस अंशांपर्यंत वाकावा लागतो, नाहीतर पाऊल आत येत नाही. मुलं भराभर उतरवून घेतात. माझं शिकवणं चांगलं आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिरूर अनंतपाळला कापडाचं दुकान. चाळीस वर्षं ते गादीवर मांडी घालून बसले. पूजाही मांडी घालूनच. साठी उलटली तसे गुडघे बोलायला लागले, डावा जास्त. मी नांदेडहून फोनवर हुकूम सोडला की मांडी बंद, जमिनीवर बसणं बंद, खुर्ची घ्या. घरात मीच डॉक्टर, खरं तर डॉक्टर नसूनही. अप्पांनी मुकाट्याने ऐकलं. गादीच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची आली. पूजाही खुर्चीत व्हायला लागली. तेव्हा ते दार लोटून घ्यायचे, कोणी बघू नये म्हणून.

बंद करायला सांगायला एक फोन पुरतो. गुडघा वाकवून घ्यायला माणसाजवळ बसावं लागतं. खुर्ची दिली की सोबत रोजचा व्यायामही द्यायचा असतो, नाहीतर सांधा आहे तिथेच आखडतो, हे मला माहीत होतं. मी त्यांना छापील कागद पाठवला. त्यावर टाच सरकवणाऱ्या माणसाची चार चित्रं होती. अप्पांनी तो कागद दुकानात देवाच्या फोटोशेजारी चिकटवला.

तीन वर्षांपूर्वी मी त्यांना कॉलेजात आणलं. तपासायला आणलं असं घरी सांगितलं, पण प्रात्यक्षिकाला मला एक आखडलेला गुडघा हवा होता. अप्पा इस्त्रीचं धोतर नेसून आले. बारा मुलांनी आळीपाळीने त्यांचा पाय उचलला, कोनमापक लावलं आणि आकडे लिहिले. उजवा एकशेतीस, डावा पंचाण्णव. कोनमापक म्हणजे खिळ्याने जोडलेल्या दोन पट्ट्या. ते हातात घेऊन अप्पा म्हणाले, "आमचा कापड मोजायचा गज सरळ असतोय. तुझा गज मधीच मोडलाय की गं." मुलं हसली, मीही हसले. तास संपला, मुलांना मार्क मिळाले आणि अप्पांना मी चार वाजताच्या एसटीत बसवून दिलं. उपचार केले नाहीत. पुढच्या वेळी करू म्हटलं.

ते मात्र खूश होते. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, माझं एक्स्टेन्शन बरं हाय, फ्लेक्शन तेवढं कमी पडायलंय. लेकीचे शब्द तोंडात घोळवायला त्यांना आवडायचं. मला फोनवर ते ऐकताना लाज वाटायची, आणि कशाची ते मी शोधत बसले नाही.

मागच्या दिवाळीला मी पाच दिवस घरी होते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्यापुढे खुर्ची ओढून बसले. डाव्या गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवून म्हणाले, "मंजू, जाताना तर मांडीच घालायची हाय. तवा तरी जमंल का गं?"

मी त्यांना काहीबाही बोलू नका म्हटलं. रोज वीस मिनिटं मी स्वतः वाकवून देते, उद्यापासून सुरू करू, असंही म्हटलं. उद्या पाहुणे आले, परवा मी पेपर तपासत होते आणि तेरवा माझी गाडी होती. कॉलेजच्या दवाखान्यात मी अनोळखी माणसांना रोज वीस-वीस मिनिटं देते. आम्हाला ते नोंदवावं लागतं.

अप्पा फेब्रुवारीत गेले. रात्री जेवून उठले, खुर्चीत बसले आणि बसल्या जागी मान टाकली. अव्वाचा, माझ्या आईचा, फोन आला तेव्हा शेजारी जमले होते. माझा चुलतभाऊ मल्लिनाथ तिच्या हातातून फोन घेऊन म्हणाला की अंग गरम आहे तोवर मांडी घालून बसवून घेतो. मी ओरडलेच. त्यांचा डावा गुडघा खराब आहे, कोणी ओढाताण करायची नाही, माझा भाऊ अमरनाथ पुण्याहून येईपर्यंत लातूरहून शीतपेटी मागवा आणि त्यात ठेवा, असं बजावलं. डॉक्टर लेकीचा शब्द म्हणून सगळ्यांनी ऐकला.

शीतपेटी झोपणाऱ्या माणसांसाठी बनवलेली असते. तेवढंही मला सुचलं नाही. मेल्यानंतर चार-सहा तासांत स्नायू आखडत जातात आणि बाराव्या तासापर्यंत अंग लाकूड होतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे.

सकाळी दहाला पोचले. अमरनाथही आला होता. अप्पांना पेटीतून काढून ओसरीवर ठेवलं होतं, गजासारखे सरळ. अंत्यविधी करणारे मठपती स्वामी विभूती घेऊन खोळंबले होते. मल्लिनाथने दोघांना हाताशी घेतलं होतं, एकाने खांदे धरायचे, दुसऱ्याने पाय दुमडायचे. जोर लावला की बसतंय, असं तो म्हणत होता. त्याची चूक नव्हती. मी सगळ्यांना बाजूला केलं आणि अप्पांच्या पायाशी बसले.

अव्वाला गरम पाण्यात पिळलेले टॉवेल आणायला सांगितले. आधी डावा हात घेतला. कोपर हळूहळू दुमडलं, मनगटाला धरून तळहात वर केला, तो वर राहिला. मग खुबे. एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने घोटा, जोर न लावता नुसता ताण ठेवायचा आणि थांबायचं. मी दहापर्यंत आकडे मोजत होते. रुग्णांसमोर मोजते तसेच, मोठ्याने. उजवा पाय सुटला, वाकला, आत आला. त्या क्षणी मला आनंद झाला, हे सांगायला हवं. काम जमल्याचा आनंद होता तो.

मग डावा घेतला. मेलेल्या अंगाचा ताठा त्याचाही निघाला, मला हाताला कळलं ते. गुडघा पाऊण वाकेपर्यंत मऊ लागला आणि मग एका जागी घट्ट थांबला. कोनमापक नव्हतं, पण डोळ्यांना सवय आहे. पंचाण्णव. बारा मुलांनी लिहिलेला आकडा. मी टॉवेल बदलले, परत धरलं, परत मोजलं. मरणाने आखडलेलं सगळं पाऊण तासात सुटलं होतं. राहिलं ते माझंच होतं.

मल्लिनाथ पुढे झाला. आता काही त्यांना दुखायचं नाही, दाबू का, म्हणाला. मी टॉवेल परत पिळायला घेतला.

अव्वाने त्याचा हात धरला. "तसंच ऱ्हाऊ द्या," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "जिते असतांना वळला असता का गं ह्यो?"

खोटं बोलता आलं असतं. तिला यातलं काय कळत होतं?

"वळला असता," मी म्हणाले.

"किती दिस लागले असते?"

"रोज वीस मिनिटं. दोन-तीन महिने."

अव्वाने पिळलेला टॉवेल माझ्या हातातून काढून घेतला आणि बादलीत टाकला. एवढंच. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं.

अप्पांना तसंच सजवलेल्या खुर्चीत बसवून नेलं. उजवं पाऊल आत, डावं पुढे काढलेलं. त्यावर उपरणं टाकून झाकलं होतं, तरी वाटेत लोकांच्या नजरा तिथेच जात होत्या. पेठेतली दुकानं अर्धी लोटलेली होती. पायाकडे बघून कोणीतरी हळू आवाजात काही विचारलं आणि कोणीतरी सांगितलं की लेकीनेच पेटीत झोपवायला लावलं. मान खाली घालून मी चालत राहिले.

खड्डा तयार होता, नेहमीच्या मापाचा, मांडी घातलेल्या माणसाचा. अप्पांना खाली घेतलं तर डावं पाऊल समोरच्या मातीला अडलं. त्यांना परत वर घ्यावं लागलं. स्वामी मंत्र म्हणता म्हणता थांबले. खणणारा म्हातारा खड्ड्यात उतरला, समोरची भिंत कुदळीने टोकरली आणि वर बघून किती उकरू, असं विचारायला लागला. मल्लिनाथने अमरनाथकडे पाहिलं. अमरनाथने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच.

मी कडेला गुडघे टेकून बसले. पुढे आलेल्या पावलाला टाचेपासून बोटांपर्यंत हात लावला. वीत पसरली आणि खालच्या म्हाताऱ्याला दाखवली.

"एवढं," मी म्हणाले. त्याने तेवढं उकरलं.