जाऊबाईंची हिरवी बुरशी

"जाऊबाई, माझ्या कुकरमध्ये तुमची बुरशी शिजवायची नाही. सांगितलं होतं ना?"

"अगं, बुरशी कुठे शिजवतेय? ही नुसती तांदळाची कणी आहे. बुरशी नंतर." त्यांनी शिट्टी उचलून वाफ जाऊ दिली, आणि कणीच्या गरम पिशव्या फडक्याने धरून ओट्यावर मांडल्या. मी पोळ्या लाटायच्या तरी कुठे?

भाजी उत्पादकांच्या सोसायटीने एक छोटी प्रयोगशाळा काढली होती. म्हणजे दोन खोल्या, एक फ्रिज आणि आमच्या जाऊबाई. तिथलं वाफेचं मोठं भांडं बिघडलं होतं आणि ते दुरुस्त करायला कुणाला सवड नव्हती, म्हणून हा उपद्व्याप माझ्या स्वयंपाकघरात. निर्जंतुक केलेल्या कणीवर त्या एक बुरशी पेरायच्या. आठवड्याभरात पिशवी हिरवीगार व्हायची. ती पाण्यात कालवून भाजीवर फवारली की पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगाच्या बुरशीला ती खाऊन टाकते. काट्याने काटा काढायचा, दुसरं काय. गल्लीतली पोरं त्यांना 'बुरशीवाल्या काकू' म्हणायची. त्यांना राग यायचा नाही. मला यायचा.

आणि गंमत बघा, ही बुरशी गावभर जायची, पण आमच्या घरामागच्या टोमॅटोत कधी नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही. भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, निळ्या औषधावर वाढलेला माणूस. मोरचुदाचं ते औषध आणि पाठीवरचा पंप, एवढाच त्यांचा देव. "बुरशी घालवायला बुरशी? उद्या म्हणशील, चोर पकडायला चोर ठेव," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मग एकदा सोसायटीचे चेअरमन घरी आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेऊन झाला तरी कप हातात फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "वहिनी, सभासद विचारतात, या बाई स्वतःच्या रानात तरी मारतात का? काय सांगू त्यांना? प्रयोगशाळा बंद करायचा विषय निघालाय."

जाऊबाईंचा चेहरा पडला. चेअरमन गेल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे काही मागितलं. म्हणाल्या, "अहो, कडेच्या चार ओळी द्या मला. तिथे तुमचं औषध मारायचं नाही. बाकी काही नको."

भावजींनी बराच वेळ कान खाजवला. "दिल्या. पण गेलं पीक तर माझ्या नावाने रडायचं नाही."

त्या ओळींत खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आलेच होते. जाऊबाई ऊन उतरल्यावर फवारायच्या. कडक उन्हात बुरशी मरते म्हणे. पदर खोचून, प्रत्येक पानाच्या खालून वरून, तान्ह्या मुलाला तेल लावावं तसं. मी बांधावरून थट्टा करायचे, "अंगाई पण म्हणा." त्या म्हणायच्या, "झोपली तर काम कोण करणार?" इतकं हसताना मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. मधूनच पानं तोडून प्रयोगशाळेत न्यायच्या आणि काचेच्या बशीत ठेवायच्या. एकदा मला मुद्दाम बोलावून दाखवलं. पानाच्या कडेने हिरवी साय धरली होती. "बघ, पानावर टिकलीय. शेंड्याची नवी पानं बघितलीस का? एकही डाग नाही."

भावजींना मात्र शेंडा दिसत नव्हता. त्यांना खालची जुनी पानं दिसत होती, आणि त्यांच्यावरचे डाग तसेच होते. "जुने डाग जात नसतात हो, कशानेच नाही. नवे येत नाहीत ना, ते बघा," जाऊबाई सांगायच्या. ते मान हलवायचे. जेवताना त्यांचं लक्ष नसायचं. मला वाटायचं, पिकाची काळजी. बायकोची असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तसं कधी दिसलंच नव्हतं ना.

चेअरमन दोन सभासदांना घेऊन बघायला आले तेव्हा आम्ही सगळेच रानात होतो. झाडं टवटवीत होती. ठिपक्यांची जुनी पानं कुणीतरी खुडूनही टाकली होती. चेअरमन खूश झाले. "मानलं वहिनी. आता सभेत कोण बोलतो बघू."

जाऊबाई हसल्या आणि सवयीने एक पान उलटं केलं. मग दुसरं. मग शेजारच्या झाडाचं. पानांच्या पाठीवर, शिरांच्या कडेने, निळसर थेंब वाळलेले होते. त्यांनी भावजींकडे बघितलं. भावजी पाण्याच्या पाइपाकडे बघत होते.

"हे माझं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "यावर निळं औषध मारलंय. माझी बुरशी त्याखाली जगत नाही."

मग चेअरमन जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, पानं स्वच्छ आहेत. मी एवढंच बघितलं. आम्हा तिघांना दुसरं काही दिसलं नाही."

मला वाटलं, घ्या ना, जाऊबाई. देव देतोय तर घ्या.

"तुम्ही हे बघून चार जणांना सांगाल, साहेब. ते विश्वासाने फवारतील. त्यांचं पीक गेलं तर? नको. या ओळी हिशेबात धरू नका."

लोक गेल्यावर भावजी बांधावर बसले. म्हणाले, "तुझी फजिती होऊ नये म्हणून केलं गं. पहाटे उठून केलं."

"कळलं मला."

"मग?"

"जमत आलं होतं हो," जाऊबाई म्हणाल्या. "आणखी थोडं थांबला असतात तर." एवढंच बोलल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या माणसाचा इतका संताप आला होता आणि इतकी कीवही, की मी चुलीवर दूध आहे असं खोटंच सांगून घरात आले.

प्रयोगशाळा बंद झाली. वीज तोडली, फ्रिज विकला. ती बुरशी जाऊबाईंनी वर्षानुवर्षं एका बशीतून दुसऱ्या बशीत लावत जगवली होती. ती बंद खोलीतच गेली. माझा कुकर मला परत मिळाला. आता ओट्यावर जागाच जागा आहे, आणि ती मला बघवत नाही.

पुढच्या हंगामात टोमॅटोवर ठिपके आले आणि निळ्या औषधाला दाद देईनात. भावजी जेवायला बसले होते. ताटाकडे बघतच म्हणाले, "यंदा सगळं रान तुझं. चार ओळी नाही, सगळं."

जाऊबाई वाढता वाढता थांबल्या. "आता कुठून आणू? दुकानात बुरशीचं पाकीट मिळतं. ते आणा."

भावजींनी दुसऱ्याच दिवशी आणलं आणि शाळेतल्या मुलासारखं त्यांच्यापुढे धरलं. जाऊबाईंनी चष्मा लावला, पाकीट फोडून चिमूटभर पूड तळहातावर घेतली, बोटाने पसरली, वास घेतला.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "ऊन उतरल्यावर मारा."

"तू नाही येत?"

"तुम्हाला येतं की सगळं." त्यांनी तळहात पाकिटावर झटकला, एक कणही खाली पडू दिला नाही, आणि पाकिटाचं तोंड नीट दुमडून त्यांच्या हातात दिलं.