दुसरी हाक

आत्याच्या ओव्हनला काटा होता, पण तो कायम एकाच आकड्यावर समाधी लावून बसलेला. म्हणून चॉकलेट चिप कुकीज भाजताना ती वादळात सापडलेल्या नावाड्याचं आख्यान गायची. नावाडी देवाला तीन हाका मारतो. तिसरीला देव धावून येतो, आणि ट्रे बाहेर! थंडीत ओव्हन सुस्तावला की वादळही लांबायचं. आत्या त्या कुकीजमध्ये भाजलेले तीळ घालायची. वास सुटला की स्टुलावर बसलेली मी कासावीस व्हायचे.

"आत्या, आज देवाला जरा लवकर आण ना!"

"लवकर आला तर कच्चं खावं लागेल, बाई."

गेल्या महिन्यात तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आता बोलायला लागा, नाहीतर बसलेला आवाज उठायचा नाही. पण जन्मभर भरल्या सभेत गायलेली बाई ती. फाटका आवाज कुणाच्या कानी पडू नये म्हणून तोंडाला कुलूप. पाटीवर लिहायची: 'चहा.' 'खिडकी लाव.' 'जा आता.'

रविवारी मी कुकीजचं पीठ भिजवून तिच्याकडेच नेलं. तिने डब्यात डोकावून लिहिलं, 'तीळ कमी.' मी आणखी घातले, गोळे चपटे करून ट्रे आत सरकवला.

"गाणार कोण?"

'तूच. मी मेले असं समज.'

मी सुरुवात केली. वादळ जमलं, पहिली हाक बरी गेली. आत्या टेबलावर बोटांनी ठेका धरून होती. पण वास सुटला आणि पोटातली ती जुनी घाई जागी झाली. मी थेट तिसऱ्या हाकेवर उडी मारून ओव्हनच्या दाराला हात घातला.

ठेका थांबला.

"दुसरी कुठे गेली, गाढवे?"

आवाज कसला, गंजलेल्या बिजागरीची करकर. मी दारावरचा हात काढला. तिने घाईने पाटी ओढली, खडू उचलला, आणि काहीच लिहिलं नाही. मग डोळे मिटून, अडखळत, सुराची पर्वा न करता तिने दुसरी हाक घातली. इतकी वर्षं ती मी गोड गळ्यातून ऐकली होती. नावाडी खरंच बुडतोय, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"तिसरी तू म्हण," ती घसा धरून म्हणाली. "आणि सावकाश. कडा अजून पांढऱ्याच आहेत."