बीचा घड

वाफा भिजवून तयार होता, ऊन अजून कोवळं होतं. पेरायचं सोडून दोघी जावा वाफ्याच्या दोन टोकांना उभ्या राहून भांडत होत्या. मधे बियाण्यांचा कॅटलॉग उघडा पडला होता. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून धाकटीनं त्यावर ढेकूळ ठेवलं होतं.

"ताई, बघा तरी. हे लाल चेरी टोमॅटो. पाऊस लागला तरी फुटत नाहीत, असं छापलंय. आणि हे पिवळे."

"छापायला काय जातं? आणि पाकिटं मागवताना कुणाला विचारलंस?"

"विचारलं असतं तर मागवू दिली असतीत?"

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खरं बोललेलं कुणाला आवडतं?

या घरात बारके टोमॅटो सासूबाईंपासूनचे. जाताना सासूबाईंनी दागिने धाकटीला दिले आणि बियांचा डबा थोरलीला. थोरलीनं कधी कुरकुर केली नाही, उलट त्या डब्याचा तिला तोरा होता. पण अलीकडे फळ उशिरा यायचं आणि पावसाचा शिंतोडा पडला की टराटरा फुटायचं. खानावळवाला म्हणजे त्यांचं भरवशाचं एकच गिऱ्हाईक. त्यानं तोंडावर सांगितलं होतं, "यंदाही असाच माल असेल तर मी दुसरीकडून घेईन." वाफा एकच. नवं पेरावं तर डब्यातलं बी आणखी जुनं होणार, आणि फार जुनं झालेलं बी उगवत नाही.

"तुम्ही तरी सांगा काहीतरी!" थोरली नवऱ्यावर घसरली. तो ओट्यावर खोकी ठोकत बसला होता.

"मला यात ओढू नका. मला दोघींच्या हातचं जेवायचंय," असं म्हणून त्यानं पुढचा खिळा घेतला.

थोरलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. विहिरीवर गेली आणि रिकामी कळशी घेऊनच परत आली. फळीवरचा डबा काढला, हलवून बघितला, परत ठेवला. शेवटी चपला घातल्या आणि तरातरा मावशींकडे निघाली. मावशी म्हणजे सासूबाईंची बहीण, राहायच्या गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांच्याकडेही हेच बी होतं. ऐकू कमी यायचं त्यांना, बोलायच्या मात्र दोघींचं. त्या आपली बाजू घेतील, एवढीच थोरलीला आशा.

मावशी मागच्या दारी होत्या. सांडपाण्यावर चार झाडं वाढलेली, घडांनी लगडलेली. मागच्या आठवड्यात सर येऊन गेली होती, तरी एकही टोमॅटो फुटला नव्हता. बी तेच, मग हे कसं? खालच्या एका घडाला चिंधी बांधलेली होती, आणि सगळ्या झाडांत त्याच्यासारखा घड नव्हता. तिनं न राहवून हात घातला. मावशींनी फटकन त्या हातावर मारलं.

"हात काढ! बीचा घड आहे तो."

"एवढा चांगला घड बीला ठेवता?"

"मग काय सडका ठेवू? तू कुठला ठेवतेस?"

थोरलीनं हात मागे घेतला. पहिला, चांगला तोडा खानावळीला. त्यानंतरचा बाजारात. शेवटी झाडावर जे किडकं, खुजं, फुटकं राहायचं, जे कुणी फुकट नेलं नसतं, त्याचं बी ती डब्यात भरायची. दरवर्षी. एक चांगलं फळ म्हणून वाया जाऊ दिलं नव्हतं तिनं!

"मावशी, माझ्या हातानं वाटोळं केलं हो मी त्याचं."

"काय म्हणतेस?"

"काही नाही. थोडं बी देता का?"

परत आली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. धाकटी वाफ्याशीच बसून होती. ओल उडू नये म्हणून तिनं माती गोणपाटानं झाकली होती. पाकिटं हातात होती, न फोडलेली.

"फोड ती," थोरली म्हणाली. "लाल पेर सगळीकडे. पिवळ्याच्या दोन ओळी टाक, चव तरी कळू दे. या कडेला मावशींकडचं बी."

"आणि डब्यातलं?"

"ते मी बिघडवलं. चांगलं विकलं आणि उरलंसुरलं बीला ठेवलं. हसायचं तर हसून घे."

धाकटी हसली नाही. हसली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

पुढे पिवळे आले ते दिसायला देखणे आणि चवीला पाणी. लाल मात्र ऐन पावसात शाबूत राहिले. खानावळवाला खोकं भरता भरता खूश झाला आणि त्याची नजर कडेच्या चिंधी बांधलेल्या घडावर गेली. त्यानं हात पुढे केला मात्र, दोन्हीकडून एकदम फटका बसला.

"बीचा आहे तो!" दोघी जावा एकदमच ओरडल्या.

"अहो, मग सगळ्यात चांगला माल घरातच ठेवणार का?" तो मनगट चोळत म्हणाला.

त्याची गाडी गेल्यावर थोरली घरात गेली, फळीवरचा डबा काढला. जुनं बी उकिरड्यावर ओतलं, डबा पदरानं आतून-बाहेरून पुसला आणि धाकटीच्या हातात दिला.

"ताई, हे काय?"

"तो घड तूच उतरव, बी तूच भर," थोरली म्हणाली. "माझ्या हाताला चांगलं ते विकायची सवय लागलीय."