अर्ध्या तासाचं माहेर

धुळ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात डायलिसिसच्या सात खाटा. इमारत सरकारची, पेशंट सरकारी योजनेतले, मशीनं मात्र एका कंपनीची; आणि ती कंपनी गेल्या वर्षी मुंबईच्या गुंतवणूक फंडानं विकत घेतली. फंडाचा माणूस एकदाच येऊन गेला. रक्त कसं धुतात ते त्यानं पाहिलं नाही. मशीन किती वेळ रिकामं पडतं, तेवढं विचारलं. तेव्हापासून चार तासांचे साडेतीन झाले आणि दिवसात एक पाळी जास्तीची बसली. कागदावर चार तासच. कागदाखाली सही मॅनेजर प्रेमराजची. अलीकडे ती सही जरा बारीक होत चालली होती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी भिकुबाई आली. प्रेमराजच्या गावची लेक, लांब दिलेली. आखाजीला लेकी माहेरी जातात. हिच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. खाटेवर चढण्याआधी तिनं त्याच्या टेबलावर डबा ठेवला. खापरावरचे मांडे. मग आवाज उतरवून म्हणाली,

"भाऊ, मी कोनलेच सांगेल नही. बठ्ठास्ले चार तास, माले साडेतीन. माहेरना माणूस म्हनीसन तू लवकर सोडस, तवय मन्ही बस सापडस."

बाकी सगळ्यांना पुरते चार तास मिळतात, असंच ती धरून चालली होती. प्रेमराजनं खाली पाहिलं. चपलेचा पट्टा तिच्या सुजलेल्या पावलात रुतला होता. नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. आजवर निभावलंच होतं की. पण मांड्यांचा वास थेट त्याच्या आईच्या चुलीपाशी नेत होता, आणि तिथं लबाडी करायची त्याला सवय नव्हती.

"आक्का," तो म्हणाला, "अर्धा तास बठ्ठास्नाच कापेल शे. पाय त्यामुयेच सुजतस."

भिकुबाईनं एकेक खाट पाहून घेतली. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. तिनं डबा उचलून त्याच्या हातात दिला.

"मंग हाई बठ्ठास्मा तूच वाट."

प्रेमराजनं आधी तिचं मशीन पुरत्या चार तासांवर लावलं. मुंबईचा फोन येईल तेव्हा येईल. मग डबा घेऊन तो पहिल्या खाटेशी गेला. तिथल्या लोटनआबांनी मांड्याचा तुकडा घेतला आणि हसून विचारलं, "काय साहेब, बढती झाली वाटतं?"

प्रेमराज खाटेच्या कडेला टेकला आणि खालमानेनं अर्ध्या तासाचं सांगू लागला. अजून पाच खाटा बाकी होत्या.