शून्य गळतीची वांगी

"हात तर लावून बघ त्या झडपेला!" असं म्हणत काकू खुरपं घेऊन आडवी उभी राहिली, तरी बंदिस्तसाहेब हसतच होते.

पाटबंधारे खात्याच्या या साहेबांना हे नाव गावानं ठेवलेलं. साहेबांनी जुना उघडा पाट बुजवून तळ्यापासून शिवाराच्या टोकापर्यंत जमिनीखालून पाइप घातला होता आणि दर तिसऱ्या वाक्याला ते म्हणायचे, "आपली व्यवस्था बंदिस्त आहे. आत गेलेला थेंब शेतातच बाहेर येणार. शास्त्र आहे हे!"

शास्त्राला डाग एकच. काकूच्या रानातल्या उंचवट्यावर पाइपातली हवा सोडायला झडप होती, अन् ती ठिबकायची. पूर्वी पाट पाझरायचा, त्यावर काकूचं भागायचं. पाट गेला, तशी तिनं झडपेखाली वांग्याची वीस रोपं लावली. त्या खडकाळ रानात हिरवं म्हणाल तर तेवढंच.

"काकू, उद्या मोठे साहेब तपासायला येणार. मला गळती शून्य लिहायचीय."

"मग लिही की. तुझा पेन मी धरलाय का?"

"खोटं लिहू?"

"अगंबाई! सत्यवादी माणूस. आणि त्या सत्यापायी माझी वांगी मारणार!"

दिवेलागणीला काकू घरी गेली, तशी साहेबांनी पाणी तोडलं, पाइप रिकामा केला, झडप काढून तिथं लोखंडी टोपण आवळलं आणि पुन्हा पाणी सोडलं. आता व्यवस्था खरोखर बंदिस्त झाली. सकाळपर्यंत वांग्यांनी माना टाकल्या.

मोठे साहेब आले. शिवाराच्या टोकाला तोटी फिरवली. फुस्स! तेवढं करून तोटी गप्प. आमचे साहेब पाइपाच्या कडेनं तीनदा पळाले. गळती कुठंच नव्हती. पाणीही कुठंच नव्हतं. शून्याला शून्य, हिशेब कसा तंतोतंत!

काकू बांधावरून म्हणाली, "साहेबा, घरी तेलाचा डबा फोडताना भोकं किती पाडतोस?"

"दोन."

"तेल तर एकातूनच पडतं. दुसरं काय शोभेला?"

मोठे साहेब खोकले. "हवा अडकलीय उंचवट्यावर. झडप कुणी काढली?"

आम्ही सगळे आभाळाकडं बघायला लागलो.

टोपण सैल केलं तसा पाइप माजलेल्या बैलासारखा फुरफुरला, आणि घटकाभरात टोकाच्या तोटीला मनगटाएवढी धार लागली. झडप परत बसली. बसली तशी ठिबकायलाही लागली. दोन्ही साहेबांनी ते ठिबकणं बघितलं, एकमेकांकडं बघितलं, आणि रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलं : गळती शून्य.

महिन्यानं काकू पदरात ताजी वांगी घेऊन कचेरीत गेली आणि ती साहेबांच्या टेबलावर ओतली.

"हे काय, काकू?"

"घ्या, साहेब. तुमच्या शून्याला लागलीत."