जिन्याखालची बकरी

पनवेलजवळच्या त्यांच्या शेतावर बिल्डरने इमारत उभी केली आणि जमिनीच्या बदल्यात विनायकला तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला. बाकीची गुरं विकली, पण त्याच्या आईने, गोदूने, एक बकरी बरोबर आणलीच. ती जिन्याखाली बांधलेली असायची.

विनायक बँकेत होता. सोसायटीने त्याला सेक्रेटरी केलं तेव्हा त्याने दोन नवे शर्ट शिवून घेतले.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. तिसऱ्या मजल्यावरचे दीनानाथ साठे उठले. मंत्रालयातून निवृत्त झालेले, नियमाला पक्के.

"राहत्या इमारतीत जनावर बांधता येत नाही. नगरपालिका सोसायटीलाच जाब विचारेल. सेक्रेटरी, ही बकरी आहे कुणाची?"

सगळे विनायककडे बघायला लागले. त्याचे कान तापले.

"बघतो. गावातलं कुणीतरी आणून बांधत असेल."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. विनायकला वाटलं, निभावलं. मग मागे कपांचा आवाज झाला. चहाचा ट्रे घेऊन गोदू फ्लॅटच्या दारात उभी होती.

"बकरी माजी हाय," ती म्हणाली. "गावातल्या कुनाची नाय. उद्या नेतंय."

तिने सगळ्यांना चहा दिला. विनायकलाही दिला. त्याच्याकडे पाहिलं मात्र नाही.

सकाळी ती बकरी घेऊन ओवे गावाला, बहिणीकडे निघाली.

"आई, थांब. मी टेम्पो बघतो."

"नको. कुनी इचारलं कुनाची, तर काय सांगशील?"

तरी त्याने टेम्पो आणला. मागे बकरीला धरून तोच बसला. ती वाटभर ओरडत होती, शर्टावर लेंड्या पडल्या. गोदू पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, तिने एकदाही वळून पाहिलं नाही. ओव्याला मावशीने विचारलं, "का रं आनली?" तेव्हाही गोदूच म्हणाली, "तिथं जागा नाय."

पुढच्या मीटिंगला विनायक आधी उभा राहिला. "मागच्या वेळी मी खोटं बोललो. बकरी आमचीच होती. आईसमोर मी…"

दीनानाथांनी चष्मा काढून पुसला.

"अहो, आम्हाला माहीतच होतं," ते हळूच म्हणाले. "पुढचा विषय घ्या. पाण्याची टाकी."

विनायकने पाण्याच्या टाकीचा विषय घेतला. त्या दिवशी चहा बाहेरून मागवला होता.